प्रसाविका तयार झाली हे कसे ओळखायचे?



मागच्या अंकात आपल्या वसतिगृहातील नर्सिंग शिकणाऱ्या मुलींविषयी चार ओळी छापल्या होत्या. त्यानंतर आपल्यापैकी काहींनी फोन केले. काही मंडळ्यांना भेट दिली तेव्हा उपासना संपल्यावर मला थांबवून विचारले गेले, "एक मुलगी राहिली म्हणे. असे कसे झाले? आपण तर तिचा सगळा खर्च करतो आहोत." प्रश्न काळजीने विचारला होता आणि योग्यच होता. दारात उभे राहून त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून या अंकात सविस्तर लिहिते.

पण आधी एक कबुली. ती राहिली हे कळले तेव्हा सर्वांत जास्त राग मलाच आला होता. मी तिच्या शाळेत भांडायलाच गेले होते.

शिक्षण कसे असते

आपल्या मुली शिकतात तो एएनएमचा अभ्यासक्रम. मराठीत त्याला सहाय्यक परिचारिका प्रसाविका म्हणतात. गावातल्या उपकेंद्रात दिसणाऱ्या आरोग्यसेविका बहुतेक याच शिक्षणातून आलेल्या असतात. बारावीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे. त्यात दीड वर्ष वर्ग आणि प्रात्यक्षिक, आणि शेवटचे सहा महिने आंतरवासिता म्हणजे इंटर्नशिप. पहिल्या वर्षी गावाचे आरोग्य, आजारांची शुश्रूषा, बालसंगोपन असे विषय असतात. दुसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र येते आणि मुली लेबर रूममध्ये जाऊ लागतात.

तिथे प्रत्येकीजवळ एक केस बुक असते. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, बाळंतिणीची काळजी, नवजात बाळाची काळजी, यांपैकी प्रत्येक काम ठरावीक संख्येने करावे लागते. प्रत्येक कामाची नोंद लिहून त्यावर वरिष्ठ सिस्टरची सही घ्यावी लागते. सह्या पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेला एक अंतर्गत आणि एक बाहेरून आलेला परीक्षक असतो.

अशी संख्या जगभर ठरवलेली असते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तिकडच्या विद्यार्थिनीने किमान ४० बाळंतपणे स्वतः करावी लागतात. संख्येचा नियम आवश्यकच आहे, कारण पाच बाळंतपणे पाहिलेल्या मुलीला सहावे वेगळे निघाले तर काय करावे ते सुचणार नाही. पण संख्येमागे धावण्याचा एक तोटाही आहे. एका खाटेभोवती सहा विद्यार्थिनी उभ्या असतात. बाळ एकीच्या हातात येते आणि नोंद मात्र तिघींच्या वह्यांत होते. मी हे स्वतः पाहिले आहे.

आजीची परीक्षा आणि नातीची परीक्षा

आपली ही मुलगी धडगावकडच्या एका पाड्यावरची. तिची आजी सुईण होती. सातपुड्यातल्या पाड्यांवर अशा बाया अजूनही आहेत. आजी कोणत्या शाळेत गेली नव्हती. ती आपल्या आईबरोबर आणि सासूबरोबर हिंडली, वर्षानुवर्षे नुसती बघत राहिली, पाणी तापवत राहिली, बाईची पाठ चोळत राहिली. मग एके दिवशी कोणीतरी निरोप पाठवला तो थेट तिलाच. तिची परीक्षा तीच होती. पाड्यावरच्या बायांनी तिला बोलावले म्हणजे ती पास झाली.

या परीक्षेत एक मोठी ताकद होती. जी बाई हातची चांगली नाही, जी घाई करते, जी ओरडते, तिला दुसऱ्यांदा कोणी बोलावत नसे. पण एक उणीवही होती. बाळ आडवे आहे, वार पडत नाही, रक्त थांबत नाही, अशा वेळी आजीच्या हातात काहीच नव्हते. ती चूक कुठे झाली हेही कोणी सांगू शकत नव्हते. "तिचे आयुष्यच तेवढे," असे म्हणून माणसे गप्प बसत.

देशात आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्के होते, आणि महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के. २०१८ ते २०२० च्या सरकारी आकड्यांनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. ही राज्याची सरासरी आहे. नर्मदाकाठच्या ज्या गावांना आजही होडीने जावे लागते, त्यांची खरी अवस्था अशा सरासरीत दिसत नाही. तिथे दवाखाना म्हणजे मुख्यतः एक आरोग्यसेविका, आणि तिला काय येते एवढ्यावरच सगळे अवलंबून असते. म्हणून तिला परीक्षेत कोण पास करते आणि कशावरून, हा प्रश्न आपल्या सेवाकार्याचाच आहे.

माहीत असणे आणि करणे

मी धर्मशास्त्राची पदविका केली आहे. आमची परीक्षा कागदावर होती. संदेश कसा तयार करावा यावर मला चांगले गुण मिळाले, आणि पहिल्यांदा एका घरी मयताला गेले तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून त्या शाळेच्या सिस्टर ट्यूटरने मला जी गोष्ट समजावली ती लगेच पटली.

जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन वैद्यकीय शिक्षकाने १९९० साली चार पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी, माहीत आहे. दुसरी, कसे करायचे हे माहीत आहे. तिसरी, करून दाखवता येते. चौथी, प्रत्यक्ष कामात करते.

सिस्टरने उदाहरण दिले ते बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे. जगभरात माता दगावण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. तो होऊ नये म्हणून बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात. पण त्याआधी पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही याची खात्री करावी लागते. पेपरात हे लिहिता आले तर पहिली पायरी झाली. तोंडी परीक्षेत क्रम आणि कारण सांगता आले तर दुसरी. पुतळ्यावर करून दाखवले तर तिसरी. आणि रात्री तीन वाजता, लाइट गेलेली असताना, बाळ रडत नसताना, बाहेर नातेवाईक दार ठोठावत असताना एका मिनिटात इंजेक्शन दिले गेले, तर ती चौथी.

तिसऱ्या पायरीसाठी एक चांगली परीक्षापद्धत आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७५ साली मांडली. तिला ऑस्की म्हणतात. एका खोलीत टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर एक काम आणि ठरलेली मिनिटे. एकावर बाळाचे ठोके मोजायचे, दुसऱ्यावर न रडणाऱ्या बाळाच्या पुतळ्याला फुगा-मास्कने श्वास द्यायचा, तिसऱ्यावर आईला स्तनपान समजावून सांगायचे. घंटा वाजली की पुढचे टेबल. परीक्षकाच्या हातात छापील यादी असते. हात धुतले, एक गुण. विचारून स्पर्श केला, एक गुण. यात ओळखपाळख चालत नाही, सगळ्यांना तोच प्रश्न असतो.

पण सिस्टर म्हणाल्या, "ताई, पुतळा ओरडत नाही, पुतळ्याला रक्त येत नाही, आणि पुतळ्याला पावरी बोलावी लागत नाही. चौथी पायरी लेबर रूममध्येच बघावी लागते, आणि तीही रोज." त्यांच्या शाळेत त्यासाठी एक तक्ता ठेवला आहे. प्रत्येक कामासमोर चार रकाने आहेत: पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, कोणी न सांगता केले. पोस्टिंगच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी मुलीला समोर बसवून हा तक्ता भरतात. आधी मुलगी स्वतःला कुठे समजते ते सांगते, मग सिस्टर बोलतात. मध्यावरची बैठक सर्वांत महत्त्वाची. उणीव शेवटी सांगून उपयोग नसतो, सुधारायला दिवस उरलेले नसतात.

एकशेचाळीस, एकशेचाळीस, एकशेचाळीस

आता मूळ गोष्ट. सिस्टरनी आपल्या मुलीच्या तक्त्यावर शेवटची सही करायला नकार दिला. त्यामुळे ती परीक्षेला बसू शकली नाही. मी तिथे गेले तेव्हा मनात सगळी वाक्ये तयार होती. गरीब घरची मुलगी आहे. पाड्यावरून इतके शिकलेली ही पहिलीच. घरचे वाट पाहत आहेत. आमच्या देणगीदारांना मी काय सांगू? मी हे सगळे बोलले. सिस्टरनी ऐकून घेतले, कपाट उघडले आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला.

तो पार्टोग्राफ होता. प्रसूती सुरू झालेल्या बाईच्या प्रगतीचा हा आलेख असतो. गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडले की तो भरायला घेतात. दर अर्ध्या तासाला बाळाच्या हृदयाचे ठोके, आईची नाडी आणि दहा मिनिटांत किती कळा येतात ते लिहायचे. दर चार तासांनी आतून तपासणी आणि रक्तदाब. त्यावर दोन तिरप्या रेषा असतात. पहिली सावधानतेची, दुसरी तिच्या चार तास पुढे, कृतीची. उघडण्याचा वेग ताशी एक सेंटिमीटरपेक्षा कमी पडला की आलेख पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकतो. मोठ्या रुग्णालयात तेव्हा लक्ष वाढवतात. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हाच गाडीची तयारी करावी लागते, कारण घाट उतरून जायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नवा तक्ता आणला आणि त्यात सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरली. पण आपल्या मुलींच्या हातात सध्या हाच कागद आहे.

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असले की ठीक. त्या कागदावर चार तासांचे आठ चौकोन भरले होते. आठही चौकोनांत १४०.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात," सिस्टर म्हणाल्या. "कोणत्याही बाळाचे ठोके चार तास एकाच आकड्यावर राहतात का? आणि मी त्या दुपारी तिथेच होते. मधला दीड तास ही खोलीत नव्हती."

आई सुखरूप होती, बाळही सुखरूप होते. अक्षर सुंदर होते. मला बोलायला काही उरले नाही.

संध्याकाळी वसतिगृहात तिला विचारले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, मला औषधे आणायला स्टोअरमध्ये पाठवले होते. मग रजिस्टर आणायला. परत आले तर चौकोन रिकामे. रिकामे दिसले की ओरडतात. सगळ्या तसेच भरतात."

हे खरे होते, आणि ही चूक तिची एकटीची नव्हती. शिकायला आलेल्या मुलीला निरोप्याचे काम दिले जात होते. रिकाम्या चौकोनाबद्दल बोलणी बसत होती आणि खोट्या चौकोनाबद्दल कोणी विचारत नव्हते. मुली जे शिकायचे तेच शिकत होत्या.

नापास करणे कठीण का जाते

सिस्टरनी मला ब्रिटनमधल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. कॅथलीन डफी यांनी २००३ साली तो केला. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रत्यक्ष काम करणारे मार्गदर्शक, मनात शंका असूनही काही विद्यार्थ्यांना पास का करतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना दिसले की शंका वेळेवर बोलून दाखवलेली नसते आणि शेवटी उशीर झालेला असतो. विद्यार्थ्याच्या घरची अडचण माहीत असल्यामुळे जीव तुटतो. आणि "पुढे सुधारेल" असे म्हणून संशयाचा फायदा दिला जातो.

मी ते ऐकत असताना माझाच चेहरा मला दिसत होता. मी नेमकी तीच कारणे घेऊन आले होते. तिच्या गरिबीचे कारण सांगून मी एका दुसऱ्या गरीब बाईच्या बाळंतपणात तडजोड मागत होते. ती बाई अजून मला भेटलेली नव्हती एवढेच.

त्याच आठवड्यात वसतिगृहातल्या मुलींबरोबर निर्गमचा पहिला अध्याय वाचला. शिप्रा आणि पुवा या सुइणींनी फारोपुढे खरे सांगितले नव्हते, हे एका मुलीच्या लक्षात आले आणि सगळ्या हसल्या. आपली मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "त्यांनी बाळांना वाचवायला सांगितले. मी ओरडा वाचवायला लिहिले." मी त्यावर काही भाष्य केले नाही.

तक्त्यात न मावणारे

एका बाबतीत मात्र मी सिस्टरांशी बोलत राहिले आणि त्यांनीही ते मनावर घेतले. त्या लेबर रूममध्ये येणाऱ्या बऱ्याच बाया पावरी किंवा भिली बोलतात. त्यांना मराठीत "जोर लाव" आणि "जोर लावू नको" यांतला फरक कळा येत असताना कळत नाही. मग त्यांच्यावर ओरडले जाते. आपली मुलगी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत असे. आतून तपासण्याआधी काय करणार ते सांगत असे. बाहेर बसलेल्या सासूला किंवा बहिणीला आत बोलावून घेत असे. बाळंतपणाच्या वेळी एक ओळखीची बाई सोबत ठेवू द्यावी, अशी केंद्र सरकारची २०१६ पासून सूचनाच आहे. हे तिचे कौशल्य कोणत्या रकान्यात जाते? तक्त्यात "संवाद" असा एक रकाना होता आणि सगळ्यांना त्यात सारखेच गुण पडत होते.

आता सिस्टर बाळंतिणीलाच विचारतात. दुसऱ्या दिवशी, बाई जरा बसती झाली की, तिच्या बोलीत, आणि मुलगी समोर नसताना. हात लावण्याआधी हिने विचारले का? काय चालले आहे ते सांगितले का? पुढच्या वेळी हीच हवी का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मला आजीची आठवण झाली. पाड्यावरची परीक्षा लेबर रूममध्ये आली.

आणखी दोन बदल झाले. पार्टोग्राफ भरत असलेल्या मुलीला निरोपाच्या कामाला पाठवायचे नाही. आणि नोंद राहिली तर चौकोन रिकामा ठेवून कारण लिहायचे, त्याबद्दल कोणी ओरडणार नाही.

आपल्याकडून काय हवे

आपली मुलगी सहा आठवडे पुन्हा लेबर रूममध्ये होती. रात्रपाळ्या जास्त घेतल्या. तिच्या जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा जादा खर्च आपल्या देणग्यांतूनच झाला, हे मी स्पष्ट सांगते. तो खर्च कुठे गेला असे कोणी विचारले, तर एका कागदावर गेला असे मी म्हणेन. सिस्टरनी ज्यावर अखेर सही केली तो पार्टोग्राफ त्यांनी मला दाखवला. ठोके १३६, १४४, १३२, १४८ असे होते. एक चौकोन रिकामा होता. त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते: "अडीच वाजता ऐकले नाही. शेजारच्या खाटेवर बाळ रडत नव्हते, तिकडे होते."

पुढच्या परीक्षेला ती बसणार आहे. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही.

तोवर आपल्याला दोन विनंत्या. आपण मुलींना भेटायला याल तेव्हा किती टक्के पडले एवढेच विचारू नका. कोणते काम आता कोणी न सांगता करता येते, ते विचारा. त्या आनंदाने सांगतील, आणि जे येत नाही तेही सांगतील. आणि एखादीला वेळ जास्त लागला तर आपली मदत थांबवू नका. मुलगी लवकर कामाला लागावी अशी घाई आम्हालाही असते. पण ती ज्या उपकेंद्रात जाईल तिथे रात्री तिच्या चुकीवर बोट ठेवायला दुसरे कोणी नसेल. ते बोट आत्ताच, शिकतानाच, ठेवले जायला हवे.

तिच्यासाठी, बाकीच्या मुलींसाठी, आणि मन घट्ट करून सही नाकारणाऱ्या त्या सिस्टरांसाठी प्रार्थना करावी.

आपली सेवेतील भगिनी